एका बाटलीची मुलं

इस्त्री तापली की नाही हे गालाजवळ धरून कळतं. थुंकी लावून बघणारेही असतात. साथ आली आणि थुंकीवाल्यांची गिऱ्हाइकं एका दिवसात तुटली.

*

तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला अडकते. वरून एक झटका, मग दुसरा. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ छत्रीच्या दांड्याने ती सोडवतात आणि छत्री धुवायला आत जातात.

*

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक फ्रिज आहे. त्यात पिण्याचं पाणीसुद्धा ठेवायचं नाही. एका नव्या कारकुनाने एकदा आपला जेवणाचा डबा त्यात ठेवला होता. सिस्टरने त्याला जे सुनावलं ते ऐकायला बाहेरचे पेशंट उठून दारापाशी आले.

*

समोरची इमारत अर्ध्यावर थांबलीय. मिक्सरच्या पोटात सिमेंटचा दगड झालाय. वरच्या उघड्या सळ्यांवर रोज काहीतरी वाळत असतं. रस्त्यावरून ते फडकं वाटतं.

*

निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या लांब लांब.

*

पिवळ्या बदकाचं झबलं. दर आठवड्याला इस्त्रीला येतं. बदक तेच, झबलं मात्र अधूनमधून थोडं मोठं झालेलं. दुधाचा डाग नाही, औषधाचा नाही, बाकी कसला तर नाहीच. इस्त्रीवालीला वाटतं, मोठ्या घरची मुलं ओकत नसावीत.

*

हे सगळं एका हाकेच्या अंतरात होतं. इस्त्रीवालीचं टेबल इमारतीच्या जिन्याखाली, तिची खोली मागच्या बोळात, दवाखाना बोळाच्या तोंडाशी. तिची मुलगी नऊ महिन्यांची होऊन गेली होती. मुलीचं कागदावरचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण जन्मली तेव्हा ती एवढीशी आणि इतकी गोल होती की बापाने तिला बटण म्हटलं, आणि मग तेच शिवलं गेलं.

बटणला गोवराची सुई द्यायची राहिली होती. एवढीच गोष्ट. पण त्या वर्षी तीही सहज होणारी नव्हती.

*

पहिल्यांदा गेली तेव्हा दवाखान्याच्या दारात पांढऱ्या प्लास्टिकमध्ये शिवलेली माणसं उभी होती आणि लोकांच्या नाकात काड्या घालत होती. पहारेकऱ्याने काठी आडवी केली. लहान मुलं घेऊन इथे कशाला येता, म्हणाला. तेही खरंच होतं.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा कळलं की लसीचं काम मागच्या दाराने चालतं, आणि तेही फक्त बुधवारी. तो बुधवार नव्हता.

तिसऱ्यांदा बुधवार होता. मागचं दार उघडं होतं. निळ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यावर कोणीही नव्हतं. सिस्टर एकटीच टेबलाशी बसून काचेच्या मुखवट्यावरची वाफ पुसत होती. इस्त्रीवालीला बघून ती उठली, बटणच्या हनुवटीला बोट लावायला गेली आणि मध्येच हात मागे घेतला.

मग तिने फ्रिजमधून बाटली काढून दाखवली. अंगठ्याएवढी बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. ही पाच मुलांची, म्हणाली. एकदा यात पाणी घातलं की दुपारपर्यंतच चालते, उरलेली फेकून द्यायची. मागच्या महिन्यात एकाच मुलासाठी उघडली होती, बाकीची मोरीत ओतली. वरच्या ऑफिसातून बोलणी खाल्ली ते सोड, पण ओतताना हात धजत नव्हता. आता ही एकच आहे. लसीची गाडी सध्या दुसरंच काहीतरी वाहतेय. आणि वरून निरोप आलाय की जिथे मुलं येत नाहीत तिथला माल परत पाठवा. येत्या बुधवारनंतर ही पण जाईल.

"म्हणजे आज नाही?" इस्त्रीवाली म्हणाली.

"पाच दंड आण," सिस्टर म्हणाली. "बुधवारी सकाळी. समोर बसव. मी उघडते."

हे ती रागाने बोलली नव्हती. पण मुखवट्याआडून सगळंच रागाने बोलल्यासारखं ऐकू यायचं.

*

बोळात गोवर शिरला होता. शेजारणीच्या मुलाचे डोळे लाल झाले, त्याला उजेड सोसेना, म्हणून खिडकीला चादर लावली. दोन दिवसांनी कानामागून पुरळ उतरायला लागलं. बोळातल्या लोकांना वाटलं, हीच ती साथ. त्यांनी त्या दारावरून जाणं सोडलं. इस्त्रीवाली मात्र त्या दाराबाहेर पाण्याची कळशी ठेवून यायची, कारण शेजारणीला मूल टाकून नळावर जाता येत नव्हतं. मुलाचं रडणं भिंतीतून ऐकू यायचं. नुसतं कुईकुई. जोरात रडायचं बळ नव्हतं त्याच्यात.

भिंत एकच होती. तिच्या या बाजूला बटण झोपायची.

*

बटणच्या बापाचं हॉटेल बंद होतं. तिथे तो भांडी घासायचा. आता घरची घासायचा. पगार नाही, सुट्टी नाही आणि मालकीण खडूस, असं तो बटणला रोज सांगायचा आणि बटण रोज नव्याने हसायची.

त्या रात्री जेवताना त्याने विचारलं की आणखी चार मुलं आणणार कुठून. बाजारात मिळतात का.

ती मनात कपडे मोजत होती.

*

कारण असं होतं. टाळेबंदी झाली आणि टेबलावरून आधी शर्ट गेले. मग पँटी, साड्या, शाळेचे गणवेश. कोणी कुठे जातच नव्हतं, तर चुणी मोडायची कोणासाठी. पण उष्णतेने जंतू मरतात असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून जे कपडे आयुष्यात कधी इस्त्रीला आले नव्हते ते यायला लागले. मास्क, उशांचे अभ्रे. आणि लहान मुलांचे कपडे.

तिला आसपासची मुलं तोंडाने माहीत नव्हती. कपड्यांनी माहीत होती. पहिल्या मजल्यावर बँकवाल्या बाईंचा मुलगा: गळ्याशी शिवण उसवतेय, म्हणजे डोकं वाढलं, गुडघ्यावर कापड विरलंय, म्हणजे रांगायला लागला. बोळातल्या प्लंबरची जुळी: एकाच कापडातले दोन सेट. त्यांच्या खोलीत ऊन यायचं नाही, म्हणून प्लंबरची बायको ओलेच कपडे घेऊन यायची आणि ही ते इस्त्रीने वाळवून द्यायची. आणि तिसऱ्या मजल्यावरचं बदक.

झबल्याची लांबी तिने मनगटापासून कोपरापर्यंत मापून बघितली होती. बटणच्याच वयाचं मूल.

बटण, बँकेचा मुलगा, जुळी, बदक. पाच भरले.

*

प्लंबरची बायको लगेच हो म्हणाली. प्लंबर म्हणाला, दोघांना दोन सुया की एकातच भागेल. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने आपलं बोलणं मागे घेतलं.

*

बँकवाल्या बाईंनी दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून सॅनिटायझरचा वास आला, मग अर्धा चेहरा. ऑफिसचं काम कानात चालू होतं; त्यांनी एक बोट वर करून थांबायला सांगितलं, कोणाला तरी आकडे सांगितले आणि मग कानातली गोळी काढली.

त्यांच्या मुलाचीही सुई राहिली होती. मुलांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता. फोन केला की म्हणायचे, दोन महिने जाऊ द्या. दोन महिने गेले की परत तेच म्हणायचे. बाईंनी इंटरनेटवर बघितलं होतं, मग रडल्या होत्या, मग परत बघितलं होतं. हे त्या दाराच्या फटीतून एका दमात बोलून गेल्या, इतकं कोणाशी बोलायचं राहिलं होतं.

पण तो दवाखाना, म्हणाल्या. तिथे सगळे तपासणीला येतात. "त्या खोलीत किती लोक असतात तू बघितलंयस तरी का?"

"बघितलंय की. तीच तर अडचण आहे, बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "कोणीच नसतं."

आणि एकाच बाटलीतून पाच मुलांना? बाईंच्या डॉक्टरांकडे प्रत्येकाला वेगळी बाटली असायची. हे इस्त्रीवालीला माहीत नव्हतं. ती खाली गेली, दवाखान्यात जाऊन विचारून आली, परत वर चढली. सुई प्रत्येकाला नवी, बाटली एक, असं सिस्टरने सांगितलं होतं. सिस्टरने आणखीही काही सांगितलं होतं, पण ते तिने वाटेतच गाळलं.

बाई बराच वेळ साखळीशी चाळा करत उभ्या राहिल्या. आतून मुलगा रांगत आला आणि फटीतून त्याने आपली चार बोटं बाहेर काढली. इस्त्रीवाली एक पायरी मागे सरकली, बाईंना बरं वाटावं म्हणून.

"तुझीसुद्धा येणार आहे ना?" बाई म्हणाल्या.

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

*

तिसऱ्या मजल्यावर कोणाला वर येऊ देत नव्हते. तिथल्या आजी वयाने थकलेल्या, एकटीने आजारी पडायला भ्यालेल्या. आपल्या दाराबाहेर त्यांनी खुर्ची आडवी लावून ठेवली होती. म्हणून इस्त्रीवालीने खालूनच मान वर करून सांगितलं. बुधवारी सकाळी, मागच्या दाराने, बाळाला घेऊन या, गोवराची सुई आहे, पाचवं बाळ तुमचंच. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही ऐकत होते.

आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. इतके महिने इस्त्रीवाली विचारायची, बाळ कसं आहे, आणि त्या म्हणायच्या, मोठं होतंय. त्या दिवशी त्यांनी एकदा दुसऱ्या मजल्याकडे बघितलं, एकदा खाली.

"बघते," म्हणाल्या.

दोरी वर गेली.

*

बुधवार.

बँकवाल्या बाई रेनकोट घालून आल्या, बाहेर लख्ख ऊन होतं. मुलाला पोटाशी बांधलेलं, त्याच्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. आतून तो मजेत काहीतरी बडबडत होता. प्लंबर आणि त्याची बायको एकेक जुळं घेऊन. कोणतं कोणाकडे हे विचारायची सोय नव्हती. इस्त्रीवालीच्या मांडीवर बटण, तिने बापाचा मास्क ओढून चघळायला घेतलेला. बाप बाहेर झाडाखाली, कारण आत एका मुलामागे एकच माणूस.

पाचवी खुर्ची रिकामी.

सिस्टरने बर्फाची पेटी टेबलावर ठेवली होती. झाकण उघडलं नव्हतं. मोठ्या दवाखान्याचा माणूस दुपारी येणार होता, बाटली परत न्यायला. एवढं सगळ्यांना सांगून झालं होतं. आता ती भिंतीकडे बघत होती, आणि भिंतीवर घड्याळ होतं.

बँकवाल्या बाई हळूच म्हणाल्या की चौघांसाठी नाही का उघडत. सिस्टर म्हणाली, थोडं थांबू. चौघांसाठी तिने उघडली असती की नाही हे तिने पुढेही कधी सांगितलं नाही. बटणच्या बापाचं मत, उघडली असती. इस्त्रीवालीचं मत, माहीत नाही. आणि त्या खोलीत बसल्यावर माहीत नाही हे फार जड असतं.

ती उठली. बटणला झाडाखाली बापाकडे दिलं. म्हणाली, आलेच.

*

जिना. पहिला मजला, दुसरा मजला, तिसऱ्या मजल्यावरची आडवी खुर्ची. ती खुर्ची बाजूला करून तिने दार वाजवलं. आधी बोटांनी, मग तळव्याने.

आजींनी दार उघडलं. साखळी नव्हतीच.

खिडकीशी शिवणाचं मशीन. मशीनवर फोन, बरणीला टेकवून उभा. भिंतीलगत एक फळी आणि फळीवर कपड्यांच्या घड्या, डावीकडून उजवीकडे मोठ्या होत गेलेल्या. डावीकडची घडी तळहातात मावली असती. प्रत्येकीवर वर बदक.

पाळणा नव्हता. दुधाची बाटली नव्हती. पायाखाली एकही खेळणं आलं नाही.

"बाळ इथे नाही गं, पोरी," आजी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी समुद्रापलीकडे. तिकडे बाळंत झाली. आजींनी जायची तिकिटं काढली, ती रद्द झाली. मुलगी येणार होती, तेही रद्द झालं. मग त्या फोनवर बघून शिवायला लागल्या. नात बसायला लागली, त्यांनी घेर वाढवला. धरून उभी राहिली, उंची वाढवली. बदक प्रत्येक वेळी जुन्या एकाच पिवळ्या फडक्यातून कापायचं, ते फडकं आता संपत आलं होतं. पोस्टाने पाठवायची सोय नव्हती. पाठवलं असतं तरी पोचेपर्यंत ते लहान झालं असतं.

इस्त्रीवालीला विचारायचं होतं, मग इस्त्रीला कशाला. विचारलं नाही. आजींनीच सांगितलं, मशीनच्या चाकावर हात ठेवून, खिडकीबाहेर बघत.

"पिशवी वर आली ना, की झबलं गरम असायचं. अंगावरून आत्ताच काढल्यासारखं."

इस्त्रीवाली उंबऱ्यावर बसली. तिला राग आला नाही. यायला हवा होता, असं तिला नंतर वाटलं. पण त्या वेळी तिला एवढंच दिसत होतं की आपण किती महिने एका न आलेल्या मुलाचं झबलं जपून, बदकाची चोच करपणार नाही अशा बेताने, दाबत होतो.

"मला पाचवं पाहिजे होतं, आजी," ती म्हणाली. "माझ्या मुलीला सुई मिळावी म्हणून. मी कपड्यांवरून मोजलं."

"मला कळलं होतं. खालून बोललीस तेव्हाच कळलं. सगळ्या इमारतीसमोर नाही म्हणवेना." आजींनी डोळे पुसले, मास्कनेच. "माझ्या नातीचीही राहिलीय. तिकडेही सांगतात, थांबा."

मग त्या खिडकीशी गेल्या आणि बोट दाखवलं. समोरच्या अर्धवट इमारतीवर, सळ्यांना, काहीतरी वाळत होतं.

"ते बघ. मी रोज बघते शिवताना. एकच जोडी आहे. धुतात, वाळेपर्यंत मूल उघडंच असतं. मी इथून त्याच्या अंगाचं मापसुद्धा घेऊन ठेवलंय."

इस्त्रीवालीने बघितलं. त्या इमारतीवरून ती रोज जात होती, जाताना आणि येताना. तिथून तिच्या टेबलावर कधी एक चिंधी आली नव्हती, म्हणून तिच्या हिशेबात तिथे मूलच नव्हतं.

*

आजी खाली उतरल्या. टाळेबंदी लागल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडून बघितलं आणि छत्री पुढे केली, आधाराला. ती त्यांनी घेतली.

*

अर्धवट इमारतीत तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्यांची भिंत करून एक कुटुंब राहत होतं. बाई एकटीच होती, नवरा कामाच्या शोधात गेलेला. तिची बोली वेगळी होती. चार शब्दांतला एक लागायचा. यांना बघितल्याबरोबर तिने मुलाला गोण्यांमागे ठेवलं आणि स्वतः पुढे उभी राहिली. मुकादमाने जाताना बजावलं होतं, दवाखान्याची माणसं आली तर गाडीत घालून नेतील, आई एकीकडे आणि मूल एकीकडे.

सुई, सिस्टर, गोवर, फुकट, लगेच परत. इस्त्रीवाली एकेक शब्द सुटा करून बोलली. बाई मान हलवत राहिली. आडवी. आजींनी पिशवीतून झबलं काढून पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. त्याच्याकडे बघितलं मात्र.

बोलणं संपलं. दुपार व्हायला आली होती.

मग इस्त्रीवालीने डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत ओढली आणि वळून उभी राहिली. दंडावर जुना गोल डाग होता, लहानपणीच्या सुईचा. आजींनीही, काही न विचारता, आपली बाही वर केली. त्यांचा डाग मोठा, कोटाच्या बटणाएवढा, देवी टोचायचे त्या काळचा.

त्या बाईने दोन्ही डाग नीट बघितले. मग स्वतःची बाही वर केली. तिच्याही होता. तिने त्यावर बोट ठेवलं, जणू तो तिथे आहे हे तिला आत्ताच कळलं. मागून मूल कुरकुरलं.

"कोणीतरी तुलाही नेलं होतं," इस्त्रीवाली म्हणाली.

हे तिला कळलं की नाही, कोण जाणे. ती गोण्यांमागे गेली आणि मूल उचलून आणलं. आजींनी ते झबलं त्याच्या डोक्यावरून घातलं. कुठेही आखूड नाही, कुठेही सैल नाही.

*

सिस्टर पेटी आवरत होती. मोठ्या दवाखान्याचा माणूस दारात हेल्मेट हातात घेऊन उभा होता. बटणचा बाप त्याला हॉटेलातल्या गमती सांगत होता, तिसऱ्यांदा तीच, आणि तो बिचारा हसत होता.

पाचवी खुर्ची भरली.

सिस्टरने मोजलं, मनातच, फक्त डोळे फिरले. मग नव्या मुलाचं नाव विचारलं, ते आईने सांगितलं. पत्ता विचारला. आईला कळेना. आजी म्हणाल्या, लिहा, तिसरा मजला.

सिस्टरने आजींकडे बघितलं आणि लिहिलं.

बाटलीत पाणी गेलं. भुकटी विरघळली. सिस्टर बाटली दोन बोटांत धरून हलकेच फिरवत राहिली, आणि त्या खोलीतले सगळे डोळे बाटलीमागे फिरले. जुळ्यांचेसुद्धा.

"पहिली कोण?"

बँकवाल्या बाई म्हणाल्या, हिची. त्यांनी बोटाने बटणकडे दाखवलं. "हिच्यासाठी चाललंय सगळं."

इस्त्रीवालीने बापाकडून परत घेतलेल्या बटणचा दंड धरला. तिचे हात नेहमी गरम असायचे, म्हणून बटण निवांत होती. सुई टोचली. बटणने आधी आईकडे बघितलं, हे तूच ना, असं, आणि मग तोंड एवढं उघडलं की बाहेर दारापाशी बापाने "झालं" म्हणून हेल्मेटवाल्याच्या पाठीत थाप मारली. मारल्यावर त्याला आठवलं की कोणाला हात लावायचा नाही. हेल्मेटवाला मागे सरकला नाही. त्यालाही बऱ्याच दिवसांत कोणी थाप मारली नसावी.

इस्त्रीवाली बटणला खांद्यावर घेऊन डोलत होती. मास्क डोळ्यांपर्यंत वर गेला होता आणि ओला झाला होता. बटणचं रडणं मोठं होतं, भिंतीपलीकडून यायचं तसं अजिबात नव्हतं. ती ते ऐकत राहिली. उगी उगी म्हणायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

मग जुळी, एकाला टोचलं की दुसरा रडला, दुसऱ्याला टोचेपर्यंत त्याचं रडून संपलं होतं. मग बँकेचा मुलगा. बाईंनी तोंड फिरवलं आणि प्लंबरच्या बायकोने, न विचारता, त्यांचा रेनकोटमधला खांदा धरून ठेवला.

शेवटी सळ्यांवरचं मूल. त्याची आई त्याला सोडेना, म्हणून सिस्टर म्हणाली, आजी, तुम्ही धरा. आजींनी कोपर धरलं. एवढं लहान कोपर त्यांनी इतक्या महिन्यांत फक्त काचेवर बघितलं होतं. मूल रडलंच नाही. ते बदकाची चोच उपटायच्या नादात होतं.

बाटली रिकामी झाली. सिस्टरने ती उजेडाकडे धरून बघितली, आणि पहिल्यांदाच काचेचा मुखवटा वर केला. बघतात तर काय, ती अगदीच तरुण होती.

*

शेजारणीचा मुलगा बरा झाला. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. हाक मारताना आता बोळातले सगळे त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन मारतात.

*

आजींची नात आली तेव्हा ती चांगली पळत होती. फळीवरच्या घड्यांतलं तिला काहीच बसलं नाही. तोवर फळी तशीही रिकामी होती.

*

त्या बुधवारनंतरच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरून पिशवी खाली आली. दुसऱ्या मजल्यावर अडकली, छत्रीने सुटली. इस्त्रीवालीने इस्त्री गालाजवळ धरून बघितली आणि पिशवीतलं वरचं झबलं पसरलं. बदकाच्या चोचीपाशी एक टाका सुटला होता. त्याच्याखाली, धुऊनही न गेलेला, दुधाचा पिवळट डाग होता. डागावरून तिने इस्त्री हळू फिरवली, घडी घातली, आणि गरम आहे तोवर दोरी दोनदा ओढली.

*

जन्मल्यावर बटणला पहिली सुई दिली, साथ यायच्या आधी, त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या खोलीत इतकी गर्दी होती की तिच्या आईला बसायला खुर्ची मिळाली नव्हती.